वडील का आले नाहीत, हे आधी ठरवा

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी देते, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आपण न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहता. मुलाच्या लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या, सामन्यांमुळे जवळच्या पर्थ ॲम्बॉयमधील डोमिनिकन कुटुंबांशी आपली ओळख झाली आणि त्यातून दहा ते तेरा वर्षांच्या मराठी मुलांसाठी एक कादंबरी लिहावी असे आपल्या मनात आले. नायक मानुएल, वय बारा. तो आईबरोबर डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सान पेद्रो दे माकोरीस या शहरातून आला आहे आणि वडील मागे राहिले आहेत. शेवटच्या सामन्यात मानुएल जिंकतो, वळून पाहतो, तर वडील प्रेक्षकांत उभे असतात. आपण विचारता की साताऱ्याच्या किंवा लातूरच्या ज्या मुलाने बेसबॉल कधी पाहिलाच नाही त्याला तो खेळ किती समजावून सांगावा, वडिलांना शेवटी आणावे की नाही, कथेत एखादे मराठी पात्र असावे का, आणि पुस्तकाच्या शेवटी स्पॅनिश शब्दांची सूची द्यावी का.

किशोरवयीन वाचकांच्या कादंबऱ्यांचे संपादन हा माझा व्यवसाय आहे आणि कच्चे आराखडे वाचणे हा त्यातला मोठा भाग. आपला आराखडा वाचताना बेसबॉलपाशी मी अडखळले नाही. अडखळले ती 'वडील मागे राहिले आहेत' या वाक्यापाशी. ते का राहिले, याचे उत्तर आराखड्यात कुठेच नाही. आपला खरा प्रश्न तोच आहे असे मला वाटते, कारण आपण विचारलेले जवळजवळ सगळे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

मुलांच्या कादंबरीत आई किंवा वडिलांना बाजूला काढणे ही लेखकाची जुनी सोय आहे. मोठे माणूस नसले की मुलाला धाडस करायला रान मोकळे मिळते, आणि साहसकथेत वाचक ती सोय चालवूनही घेतो. आपल्या कथेत मात्र मुलाला हवे आहेत ते वडीलच. ते का नाहीत हे धूसर ठेवले तर मुलाची ओढसुद्धा धूसरच राहते. शिवाय या वयाचे वाचक भावनेबद्दल फारसे विचारत नाहीत, ते व्यवहाराबद्दल विचारतात. हस्तलिखिते मुलांना वाचायला दिली की त्यांचे शेरे असे येतात: तिकिटाला पैसे नव्हते का? मग आई नोकरी करते ना? फोन का करत नाहीत? विमान किती तासांचे आहे? डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी सान्तो दोमिंगोहून न्यू जर्सीतल्या नेवार्कला विमान साधारण चार तासांत पोहोचते. चार तासांवर असलेला माणूस वर्षानुवर्षे येत नाही, तर त्याला तसेच भक्कम कारण हवे.

हे कारण कोणते असावे हे परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणजे देश कोणता, वर्ष कोणते आणि कुटुंब कोणत्या वाटेने आले यावर. येथे मला एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. मराठी लेखनात स्पॅनिश बोलणाऱ्या सर्वांची एकच मोट बांधली जाते, आणि बेसबॉलच्या बाबतीत तर हमखास. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. तिथल्या मुलाचे वडील व्हिसासाठी अडकूच शकत नाहीत. क्यूबाची गोष्ट अगदी निराळी. तिथे साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच व्यावसायिक खेळ बंद झाला आणि अमेरिकेत खेळायला जाणे म्हणजे देश सोडून पळून जाणे ठरले. ओर्लांदो एर्नांदेस हा नामांकित पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, १९९७ च्या डिसेंबरात बोटीने क्यूबातून निघाला, पुढच्या वर्षी न्यू यॉर्क यांकीज या अमेरिकन व्यावसायिक संघाकडून खेळला, संघ जागतिक मालिका, म्हणजे तिथली अंतिम लढत, जिंकला, आणि १९९८ च्या ऑक्टोबरात, विजयाच्या मिरवणुकीच्या वेळी, त्याच्या दोन लहान मुलींना त्यांच्या आईसह आणि आजीसह न्यू यॉर्कला येऊ देण्यात आले. त्या मुलींच्या बाजूने पाहिले तर वडील नसण्याची ती एक पूर्ण कादंबरी आहे: सगळ्या जगाला आपले वडील टीव्हीवर दिसतात आणि आपल्या घरी मात्र त्यांचे नाव जपून घ्यावे लागते. ती गोष्ट डोमिनिकन मुलावर चिकटवता येत नाही. डोमिनिकन माणसाला देश सोडायला त्याचे सरकार अडवत नाही. त्याला अडवतो तो अमेरिकेचा कागद.

तो कागद कसा अडवतो हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या कादंबरीचे कथानक मला त्यातच दिसते. एक शक्यता अशी की वडील पूर्वी अमेरिकेत परवानगीशिवाय राहून परतले होते. १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षभरापेक्षा कमी काळ असे राहून जो स्वतःहून परतला त्याला तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा अधिक काळ राहून गेलेल्याला दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. त्यातून सूट मागता येते, ती मिळेलच असे नाही. दुसरी शक्यता अशी की वडील शेजारच्या हैतीहून ऊसतोडीला आलेल्या मजुरांच्या वंशातले आहेत. डोमिनिकन घटनात्मक न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने अशा असंख्य लोकांचे नागरिकत्वच काढून घेतले होते, आणि ज्याच्याकडे जन्माचा दाखला नाही त्याला पासपोर्ट कुठला? ही शक्यता फार मोठी आहे. ती घेतली तर कादंबरी तिचीच होईल आणि बेसबॉल मागे पडेल.

तिसरी शक्यता मला आपल्या कथेला सर्वांत योग्य वाटते. अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणारी बाई, म्हणजे मानुएलची आजी, आपल्या सज्ञान मुलीसाठी अर्ज करू शकते, परंतु ती मुलगी अविवाहित असेल तरच. मुलीने लग्न केले की तो अर्ज बाद होतो. आजी अमेरिकेची नागरिक झाली तर विवाहित मुलीसाठीही अर्ज चालतो, पण ती रांग आणखी लांब असते. अर्ज केल्यापासून व्हिसा हाती येईपर्यंत अनेक वर्षे जातात आणि त्या वर्षांत माणसे जगायची थांबत नाहीत. मानुएलचे आईवडील एकत्र संसार करतात, मूल होते, गल्लीत सारे त्यांना नवरा-बायकोच मानतात. लग्नाची नोंद न करता असा संसार करणे तिकडे सर्रास आहे. नोंद मात्र ते मुद्दाम करत नाहीत, कारण नोंद झाली की आजीचा अर्ज गेला. शेवटी व्हिसा येतो तो आईला आणि तिच्याबरोबर मुलाला. वडील कागदोपत्री कोणीच नसतात. आईने अमेरिकेत पोहोचल्यावर परत जाऊन लग्न करायचे, मग नवऱ्यासाठी नवा अर्ज करायचा आणि तो त्या-त्या वर्षीच्या रांगेत पुढे सरकेपर्यंत थांबायचे.

यात कोणीही दुष्ट नाही, कोणी कोणाला सोडलेले नाही, आणि तरीही मुलाच्या दृष्टीने वडील हरवले आहेत. या कारणाचा कथेला होणारा मोठा फायदा असा की मोठ्यांना ते पूर्ण माहीत आहे आणि मुलाला अर्धेच. कोणत्याही किशोर-कादंबरीवर काम करताना मी लेखकाला एक तक्ता करायला सांगते: प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मुलाला काय ठाऊक आहे, त्याचा समज काय आहे, आणि वाचकाच्या लक्षात काय आले आहे. आपल्या आराखड्यात हे तिन्ही रकाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखेच राहतात, म्हणून मधली प्रकरणे नुसती सामन्यांची यादी झाली आहेत. मानुएलला जर सांगितले असेल की 'पापा पुढच्या उन्हाळ्यात येतील', आणि पुढे आईच्या कागदांच्या फायलीत त्याला तिच्या नावापुढे 'अविवाहित' असे लिहिलेले दिसले, तर बारा वर्षांचा मुलगा त्यातून काय निष्कर्ष काढेल? वडिलांनी आपल्याला सोडले, किंवा आई खोटे बोलते, किंवा आपण त्यांचे नव्हतोच. तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, पण ते त्याने स्वतः काढलेले आहेत, आणि त्यांच्यावर तो काहीतरी करून बसेल. कथा तिथे हलू लागते.

आता ती फाईल त्याच्या हाती का यावी? येथे बेसबॉल उपयोगी पडतो. लिटल लीगमध्ये नाव नोंदवताना मुलाच्या वयाचा आणि राहण्याच्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि स्पर्धेच्या संघात निवड झाली की ते कागद बारकाईने तपासले जातात. याला इतिहासही आहे. २००१ साली न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्समधील संघाकडून खेळणाऱ्या एका डोमिनिकन डावखुऱ्या पिचरने लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत एकाही फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोहोचू न देता सामना काढला. पुढे उघड झाले की तो बारा वर्षांचा नसून चौदा वर्षांचा आहे. संघाचे विजय रद्द झाले आणि त्याच्या वडिलांवर व संघ चालवणाऱ्यावर लिटल लीगने कायमची बंदी घातली. तेव्हापासून स्पॅनिश बोलणारा आणि वेगाने चेंडू टाकणारा कोणताही उंच मुलगा दिसला की समोरच्या पालकांत कुजबुज सुरू होते; आपण मैदानावर बसता, तेव्हा ती आपण ऐकलीही असेल. मानुएलवर असा संशय येऊ द्या. मग दाखला शोधण्यासाठी तो घरातली फाईल उघडेल, आणि त्याची नवी, नोंदणी कार्यालयाचा शिक्का असलेली प्रत आणण्यासाठी सान पेद्रोत वडिलांना सकाळपासून रांगेत उभे राहावे लागेल. एकाच फायलीतला एक कागद त्याला खेळू देतो आणि दुसरा वडिलांना येऊ देत नाही. आपल्याला बेसबॉल आणि स्थलांतर हे दोन विषय वेगवेगळ्या प्रकरणांत विभागून लिहावे लागणार नाहीत.

वडिलांच्या न येण्यात त्यांच्या स्वतःच्या मनाचाही वाटा असावा असे मात्र मला वाटते, नाहीतर ते केवळ कायद्याचे बळी होतात आणि माणूस म्हणून दिसत नाहीत. त्यासाठी एक वस्तुस्थिती लक्षात घ्या, जी आपल्याकडच्या वाचकाला उलटी वाटेल. बेसबॉलमध्ये मोठे व्हायचे असेल तर बारा वर्षांच्या डोमिनिकन मुलाने अमेरिकेत येणे हा जवळचा रस्ता नाही. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील तीसही संघांच्या अकादम्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आहेत आणि तिथल्या मुलाला सोळाव्या वर्षी करार करता येतो. दहा-बारा वर्षांच्या पोरांना हेरून तयार करणारे आणि पुढे करार झाला की त्यातला हिस्सा घेणारे प्रशिक्षक-दलाल गल्लोगल्ली असतात. त्यांना 'बुस्कोन' म्हणतात. त्यांच्या नादाने अनेक मुले शाळा सोडतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हाती करारही पडत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला मात्र शाळा संपवून मगच खेळाडू-निवडीच्या वार्षिक फेरीत उभे राहता येते. तेव्हा आईने मुलाला अमेरिकेत आणले ते बेसबॉलसाठी नव्हे, बेसबॉलपासून वाचवण्यासाठी, आणि वडिलांना ते पटले नव्हते, असे झाले तर? एखाद्या बुस्कोनने मानुएलचा हात पाहून वडिलांना काही सांगितले असेल, आणि निघण्याच्या आदल्या रात्री घरात भांडण झाले असेल, जे मुलाने पडद्यामागून अर्धवट ऐकले आहे. आता 'कागद अडला' आणि 'पापांना यायचेच नव्हते' या दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या होतात. मुलांना असे मिश्र सत्य कळत नाही असे समजू नका. त्यांना ते घरोघरी रोज दिसते.

सान पेद्रो दे माकोरीस हे ठिकाण आपण निवडलेत ते उत्तम झाले, पण आराखड्यात ते केवळ नाव आहे. ते साखर कारखान्यांचे शहर आहे. तिथला बेसबॉल कारखान्यांच्या संघांतून वाढला. गळीत हंगाम बंद असतानाच्या रिकाम्या महिन्यांत कामगार खेळत. सॅमी सोसा, रॉबिन्सन कानो, फर्नांदो तातीस ज्युनियर असे खेळाडू त्या एका भागाने दिले. (आपला मानुएल तसा होणार असल्याची सूचना कृपया शेवटच्या पानावरही देऊ नका.) मानुएलचे वडील कारखान्यात काम करतात एवढे ठरवलेत तर कोल्हापूर, सांगली किंवा अहिल्यानगरचा वाचक न सांगता पुष्कळ काही ओळखेल: उसाच्या गाड्यांची रांग, मळीचा वास, हंगाम संपल्यावर हातात पैसा नसणे. बीडच्या वाचकाला तर आईवडील सहा-सहा महिने ऊसतोडीला गेले की मूल आजीजवळ राहते, हेही वेगळे सांगावे लागणार नाही. हे साम्य आपण कथेत बोलून दाखवू नका. उसाचे वर्णन नेमके करा, वाचक बाकीचे स्वतः जोडून घेईल.

बेसबॉल किती समजावावा, हा आपला पहिला प्रश्न आता सोपा होतो. माझा निकष असा आहे की ज्या नियमामुळे पात्राला त्या क्षणी काही निवडावे लागते तेवढाच नियम सांगावा आणि तो निवडीच्या आधी, शक्यतो एखाद्या कमी महत्त्वाच्या प्रसंगात, वाचकाच्या हाती देऊन ठेवावा. आपण दुसऱ्या प्रकरणात खेळाचे सगळे नियम दिले आहेत. क्रिकेट जाणणारा मुलगा ते वाचताना सतत तुलना करत बसेल आणि गोष्टीतून बाहेर पडेल. त्याऐवजी सुरुवात सान पेद्रोच्या गल्लीतून करा. तिथे मुले 'वितिया' खेळतात: पाण्याच्या मोठ्या बाटलीचे प्लॅस्टिकचे झाकण हा चेंडू आणि केरसुणीचा दांडा ही बॅट. हातमोजा लागत नाही, मोठे मैदान लागत नाही. ते झाकण बोटांतून सुटले की हवेत असे वळते की आत येते की बाहेर जाते ते शेवटच्या वितीपर्यंत कळत नाही. वितिया खेळलेल्या मुलाला पुढे खरा चेंडू संथ आणि ढोबळ वाटतो, असे तिथले खेळाडू सांगतात. तीन वेळा हुकले की बाद, मारले की धावायचेच, टप्पा पडत नाही: इतके त्या गल्लीतल्या दोन पानांत आपोआप कळेल, आणि मानुएलचा हात चांगला का आहे तेही.

मोठ्या सामन्यासाठी मी आपल्याला मुख्यतः एकच नियम वापरायला सांगेन, तो म्हणजे चेंडूंच्या मर्यादेचा. लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ चेंडूच टाकता येतात आणि ६६ किंवा अधिक टाकले तर पुढचे चार दिवस त्याने चेंडू टाकायचा नाही. वाढत्या वयाचा खांदा आणि कोपर जपण्यासाठी हा नियम आहे. त्याला एक पुरवणी आहे: ८५ वा चेंडू एखाद्या फलंदाजाचा डाव चालू असताना पडला, तर पिचरला तो फलंदाज संपेपर्यंत पुढे टाकता येते. आता दुसरा नियम त्याच्याशेजारी ठेवा. दोन स्ट्राइक झाल्यावर, म्हणजे तीनपैकी दोन संधी हुकल्यावर, फलंदाजाने पूर्ण बॅट फिरवून चेंडू रेषेबाहेर मारला तर तो बाद होत नाही, पुन्हा टाकावे लागते. म्हणजे सहावा, शेवटचा डाव. मानुएलचे ८५ झाले आहेत. समोरचा मुलगा चेंडू सारखा रेषेबाहेर काढतो आहे. आणि जोवर तो तसे करतो तोवर नियमाने मानुएलला उतरावे लागत नाही. ८६. ८७. ८८. फलंदाज दमला आहे, पिचर दमला आहे, आणि प्रशिक्षक कुंपणाला धरून उभा आहे, कारण मुलाला उतरवावे की टाकू द्यावे हे आता त्यालाच ठरवायचे आहे.

त्याच वेळी आई फोन उंच धरून बसली आहे आणि पलीकडे सान पेद्रोत वडील पाहत आहेत. उन्हाळ्यात न्यू जर्सी आणि सान पेद्रो यांच्या घड्याळात एक मिनिटाचाही फरक नसतो, फक्त तिकडे अंधार आधी पडतो. तिकडे वीज जाते. वीज जाणे ही तिथली रोजचीच बाब आहे, आणि ती परत आली की सगळी गल्ली एकसाथ ओरडते. चित्र गोठते, आईच्या हातातला फोन गप्प होतो, मानुएलला मैदानावरून त्यातले काही कळत नाही. तो ज्यांच्यासाठी टाकतो आहे ते पाहत नाहीत, आणि तो टाकतोच आहे. या प्रसंगात वाचकाला भावना समजावून सांगणारे एकही वाक्य लागणार नाही. घरी पोहोचण्यासाठी धावणारा मुलगा आणि बेसबॉलमधला 'होम', म्हणजे जिथे पोहोचले की धाव पूर्ण होते ती जागा, यांची सांगड मात्र घालू नका. या विषयावरच्या प्रत्येक लेखकाला ती सुचते.

वडील पानापानांवर जाणवत राहावेत यासाठी त्यांचा आवाज वापरा. व्हॉट्सॲपवर येणारे दोन-दोन मिनिटांचे निरोप, ज्यांत त्यांच्या बोलण्यामागे कोंबडा आरवतो, कोपऱ्यावरच्या दुकानातली बचाता गाणी ऐकू येतात, भाड्याच्या मोटरसायकली जातात. आणि त्यांना बोलायला विषयही द्या. डोमिनिकन लीग हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते जानेवारी चालते. सान पेद्रोचा संघ एस्त्रेयास ओरिएन्तालेस १९६८ मध्ये विजेता झाला आणि त्यानंतर थेट २०१९ च्या जानेवारीत. एक्कावन्न वर्षे! आपली कादंबरी २०१८ च्या शरद ऋतूत सुरू केलीत तर पहिल्या हिवाळ्यात वडील मुलाला रोज रात्री त्या मोसमाचा वृत्तांत सांगतील, आणि ज्या रात्री गावाने आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट घडते त्या रात्री मानुएल बर्फात, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, कानाला फोन लावून असेल. त्या प्रकरणात वडील नसण्याचे दुःख उलटून मुलगा तिथे नसण्याचे दुःख होते. आपल्या मूळ आराखड्यात ही बाजू नाही आणि ती यायला हवी.

आता वडिलांना शेवटी आणावे का? आपल्या आराखड्यात येतात तसे नकोत. व्हिसा सामन्याचे वेळापत्रक पाहून येत नाही आणि विजयाच्या क्षणी वळून पाहणे हा शेवट वाचकाला पहिल्या प्रकरणापासून दिसत असतो. वडील अजिबात येऊ नयेत असेही माझे म्हणणे नाही. या वयाच्या वाचकाला सतत काही नाकारत राहणे हा मोठ्यांच्या साहित्याचा आव झाला. माझी सूचना अशी की त्यांना आधी आणा, दोन-तृतीयांश कथा झाल्यावर, म्हणजे आल्यानंतरचे लिहायला जागा उरेल. (तसे केलेत तर विजेचा प्रसंग त्याआधीच्या सामन्यात घ्यावा लागेल, आणि तो तिथेच अधिक शोभेल.) नेवार्कच्या विमानतळावर उतरणारा माणूस फोनमधल्या आवाजापेक्षा बुटका असेल, थंडीने आखडलेला असेल, दुकानात इंग्रजी बोलायची वेळ आली की मुलाकडे पाहील. मग त्याला काम मिळेल ते आपल्या परिसरात जे सहज मिळते तेच, एखाद्या गोदामातले, दुपारी सुरू होणारे. लिटल लीगचे सामने संध्याकाळी असतात. ज्या वडिलांसाठी तीन वर्षे वाट पाहिली ते दहा मैलांवर आहेत आणि तरीही सामन्याला येऊ शकत नाहीत, कारण पाळी आहे. हे मानुएलला समजते का, आणि समजून घ्यायला तो किती दिवस लावतो, यावर आपली शेवटची प्रकरणे उभी राहू शकतील. आपण कागदाचे कारण न घेता दहा वर्षांच्या बंदीचे घेतलेत, तर मात्र कथेच्या काळात वडील येऊच शकणार नाहीत. त्या वेळी मुलानेच सुटीत तिकडे जावे.

मराठी पात्राबद्दल थोडक्यात सांगते. परक्यांची गोष्ट सांगण्यात चूक नाही, ती न जाणता सांगण्यात आहे. आपण ज्या लोकांबरोबर मैदानाच्या कडेला बसता त्यांना विचारण्याची सोय आपल्याला आहे. मराठी पात्र हवेच असेल तर ते मानुएलचा जिवलग मित्र म्हणून नको, कारण मग गोष्ट हळूहळू त्याच्याकडे सरकते. एडिसनच्या संघातल्या एखाद्या मुलाची बहीण घ्या, जिला कंटाळा आल्यामुळे चेंडू मोजायला बसवले आहे. दोन्ही बाजूंची मोजणी अधूनमधून ताडून पाहिली जाते, म्हणून तिला पर्थ ॲम्बॉयच्या बाकाकडे जावे लागते. तिला खेळ कळत नाही, तेव्हा तिच्या निमित्ताने वाचकाचे दोन-तीन प्रश्नही विचारले जातील. चेंडू ८५ झाला हे मोठ्याने सांगण्याची जबाबदारी तिची असेल. एवढी भूमिका पुरेशी आहे.

शेवटी शब्दसूची देऊ नका. 'मांगू' म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, हे तो पदार्थ ताटात आला की कळते. शेजारी तळलेले चीज, सलामी आणि अंडे ठेवले की न्याहारी पूर्ण होते. मुलांना असे शब्द अडत नाहीत, मोठ्यांना अडतात. संवादांत मात्र दर वाक्याला एक स्पॅनिश शब्द पेरू नका. ती माणसे घरात एकमेकांशी स्पॅनिशच बोलतात, तेव्हा ते सगळे बोलणे आपण साध्या, सरळ मराठीतच द्यायला हवे, आणि इंग्रजी कानावर पडेल तिथे मानुएलला जसे तुटक ऐकू येते तसे द्यावे. आई रागावली की मुलाला पूर्ण नावाने हाक मारते, आजीला तो अहोजाहो करतो की नाही, अशा गोष्टी त्या कुटुंबांत बसून ऐका.

पहिला खर्डा झाला की दोन वाचक मिळवा. एक पर्थ ॲम्बॉयमधला कोणी, ज्याला आपण एकेक प्रसंग तोंडी सांगाल आणि 'असे होईल का?' एवढेच विचाराल. विशेषतः कागदांची बाजू आणि आजीचे बोलणे त्याच्याकडून तपासून घ्या. दुसरा महाराष्ट्रातला अकरा वर्षांचा एखादा मुलगा किंवा मुलगी, जिने बेसबॉल पाहिलेला नाही. तिला मत विचारू नका. जिथे पान उलटून पुढे गेली तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा, आणि त्या खुणा घेऊन दुसरा खर्डा सुरू करा.